भाजलेल्या मांसाच्या आत किती अंश? सावजींच्या पातेल्यापासून तापमापकाच्या सुईपर्यंत

ओव्हनमध्ये मांसाचा अखंड तुकडा भाजताना त्याच्या मध्यभागी पोलादाची एक बारीक सुई खुपसून ठेवतात. सुईच्या टोकाशी तापमान टिपणारा संवेदक असतो, तारेच्या दुसऱ्या टोकाला आकडा दिसतो. इंग्रजीत त्याला प्रोब थर्मामीटर म्हणतात. गांधीबागेच्या कापडबाजारामागच्या गल्ल्यांत, गोळीबार चौकाकडे किंवा इतवारीकडे जाताना लागणाऱ्या कोणत्याही सावजी खाणावळीत ही सुई वापरात दिसण्याची शक्यता फार थोडी. या धाग्याचा विषय ही सुई आहे आणि तिचे इथे नसणेही आहे. कारण ती नसण्यामागे मागासलेपण नाही. त्यामागे पदार्थविज्ञान आहे आणि थोडा सामाजिक इतिहासही आहे.

मांस शिजवणाऱ्याला जगात सर्वत्र एकच अडचण येते. अग्नी बाहेर असतो आणि प्रश्न आतला असतो. बाहेरचा रंग दिसतो, वास येतो, चरबी तडतडताना ऐकू येते. पण तुकड्याच्या गाभ्यात काय चालले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. या अडचणीवर वेगवेगळ्या स्वयंपाकघरांनी वेगवेगळे उपाय काढले. सुई हा त्यांतला सर्वांत अलीकडचा.

मराठी स्वयंपाकाने उष्णतेचे मोजमाप आकड्यांत केले नाही, शब्दांत आणि जागांत केले. जाळ, आच, धग, निखारा, फुफाटा हे समानार्थी शब्द नव्हेत. जाळावर आधण येते, आचेवर रटरटते, निखाऱ्यावर भाजते, फुफाट्यात कांदा किंवा वांगे हळूहळू मऊ पडते. मातीच्या चुलीला मागच्या बाजूस वैल असे. पुढच्या तोंडाशी जाळ आणि वैलावर त्याची उरलेली ऊब, म्हणजे एकाच सरपणावर दोन तापमाने. वैलावर सरकवलेले पातेले तासभर तिथेच राहिले तरी करपत नसे. आजच्या भाषेत ही कमी तापमानाची स्थिर शेगडी झाली.

विदर्भात या ज्ञानाची खरी परीक्षा रोडग्यांपाशी होते. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, बाहेर करपू द्यायचे नाहीत आणि आत कच्चे ठेवायचे नाहीत, हा प्रश्न ओव्हनमधल्या मांसाच्या प्रश्नाहून फारसा निराळा नाही. तिथे उत्तर हात देतो. रोडगा दाबून पाहतात. भेग पडून आतली वाफ बाहेर आली की तो राखेतून काढतात.

मांस भाजण्याची परंपराही या भूमीला नवी नाही. सुश्रुतसंहितेत मांसाच्या पाकप्रकारांत ‘शूल्य’, म्हणजे शूलावर भाजलेले मांस, येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ. मराठी वाचकाला तो बहुधा एका उल्लेखासाठी ठाऊक असतो: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच. त्याच ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे पदार्थ तपशिलाने येतात आणि सळईवर टोचून निखाऱ्यावर भाजलेले ‘भडित्रक’ही येते. या पद्धतीचे मर्म तुकड्याच्या आकारात आहे. तुकडा लहान केला की गाभा पृष्ठभागाच्या जवळ येतो आणि बाहेरचा रंग बऱ्याच अंशी आतली बातमी देतो. आतले कळत नाही, तर आत फारसे उरूच द्यायचे नाही, असा हा उपाय.

दुसरा उपाय पाण्याचा. सावजी स्वयंपाक समजून घ्यायचा तर तो नीट पाहिला पाहिजे.

‘सावजी’ हे मुळात आदरार्थी संबोधन. नागपुरात ते विणकर हलबा कोष्टी समाजाशी जोडले गेले आणि पुढे त्यांच्या झणझणीत, काळसर रश्श्याला चिकटले. हातमागाचा धंदा खालावत गेला, नंतर गिरण्यांनाही उतरती कळा लागली आणि अनेक कुटुंबांनी घरातली चूल हेच उपजीविकेचे साधन केले. खाणावळी निघाल्या. त्यांच्या पाट्यांवर मटणासोबत खूर, मुंडी, वजरी, खिमा असे जे पदार्थ असतात, ते बहुतेक जनावराच्या स्वस्त आणि चिवट भागांचे आहेत. त्यात स्नायूंपेक्षा सांध्यांचे, कातडीचे, शिरांचे प्रमाण जास्त. हे भाग मऊ व्हायला उष्णतेहून वेळ जास्त लागतो.

आता या पातेल्यात तापमान किती असते? नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाणी इथे १०० ऐवजी साधारण ९९ अंश सेल्सिअसला उकळते. रश्श्यातले मीठ आणि वरची तर्री यांनी या आकड्यात नगण्य फरक पडतो. जाळ कितीही वाढवला तरी पातेल्यात पाणी आहे तोवर तापमान तिथेच अडते. जादा उष्णता वाफ होऊन निघून जाते. हाडासकट केलेले, दोन-अडीच बोटे रुंदीचे तुकडे या ९९ अंशांच्या पाण्यात बुडालेले असतात आणि थोड्याच वेळात त्यांचा गाभाही त्या तापमानाच्या जवळ पोहोचतो. म्हणजे आचाऱ्याला जो आकडा हवा, तो उकळत्या पाण्याने आधीच ठरवून दिलेला आहे. उरतो प्रश्न वेळेचा. त्याचे उत्तर हाडावरून मांस सुटू लागले की मिळते, किंवा पळीवर घेतलेला तुकडा बोटांनी तुटतो का, यावरून मिळते. अशा स्वयंपाकघरात सुईला विचारण्यासारखे काही उरत नाही.

माग चालवणाऱ्या घराला हा स्वयंपाक सोयीचाही होता, असा तर्क करता येतो. उकळते पातेले सतत राखण मागत नाही. कांड्या भरता भरता, ताणा लावता लावता अधूनमधून पाहिले तरी चालते. निखाऱ्यावर फिरत्या सळईला एक माणूस कायम अडकून पडतो.

तापमापक मात्र या वस्तीच्या जवळ फार लवकर आला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, जुम्मा तलावाजवळ, म्हणजे गांधीबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नागपूरची हवा वर्षातले कित्येक महिने कोरडी आणि कोरड्या हवेत कापसाचे सूत तुटते. म्हणून १८८० च्या दशकात या गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवली गेली. हिंदुस्थानातल्या गिरण्यांत ती अगदी सुरुवातीची. दमटपणा मोजण्याचे त्या काळचे नेहमीचे साधन म्हणजे शेजारी शेजारी लावलेले दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. सुताला किती अंशांची हवा हवी, याचा हिशेब ठेवला जाऊ लागला. त्याच सुतावर जगणाऱ्या घरांच्या चुलीपर्यंत मात्र तो हिशेब गेला नाही, कारण तिथे त्याची गरज भासली नाही.

गरज भासली ती अखंड तुकडा कोरड्या उष्णतेत भाजणाऱ्यांना. नागपूरच्या परिसरात हे लोक म्हणजे इंग्रज. कामठीची लष्करी छावणी १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी वसली. इंग्रजी जेवणाचा मानबिंदू म्हणजे अखंड भाजलेला मांसखंड, आणि त्यासाठी इंग्रजी पाकपुस्तकांत एक ठरलेला नियम असे: दर रत्तलामागे पाव तास. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या मडमांसाठी लिहिलेली पुस्तकेही निघाली. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचे गृहव्यवस्थेचे जाडजूड पुस्तक त्यांत सर्वांत गाजलेले. बंगल्यातला खानसामा लाकडा-कोळशाच्या भट्टीशी झुंजत असे, तिची धग तासातासाला बदलत असे, आणि त्याच्याकडून घड्याळाच्या नियमाने अचूक भाजणीची अपेक्षा होई. दोष अर्थातच खानसाम्याचा ठरे.

हा नियमच मुळात कच्चा आहे. उष्णता मांसात वजनानुसार शिरत नाही, जाडीनुसार शिरते. आणि जाडी दुप्पट झाली तर गाभ्यापर्यंत पोहोचायला वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. त्यामुळे एकाच आकाराचे दोन तुकडे घेतले, एक दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा, तर मोठ्याला दुप्पट नव्हे, साधारण दीडपटीहून थोडा अधिक वेळ पुरतो. रत्तलाच्या हिशेबाने मोठा तुकडा सुकून जातो आणि लहान कच्चा राहतो. लांबट आणि चपट्या तुकड्यांना तर हा नियम अजिबात लागू पडत नाही. शिवाय भट्टीची उष्णता किती, हे त्यात गृहीतच धरलेले असते. त्या काळी ती पाहण्याची रीत म्हणजे पीठ किंवा कागद आत ठेवून तो किती वेळात तांबूस होतो ते बघणे, नाहीतर आत हात घालून किती वेळ सोसवतो ते मोजणे.

युरोपात तोवर तापमापक दीडशे वर्षांचा झालेला होता. फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापक १७१४ मध्ये केला आणि आपली मापनश्रेणी १७२४ मध्ये प्रसिद्ध केली. सेल्सिअसची १७४२ ची. तरी स्वयंपाकघराचे दार त्याला फार उशिरा उघडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये काउंट रम्फोर्ड या संशोधकाने बटाटे सुकवण्याच्या यंत्रात मेंढीचा खांदा भाजण्याचा प्रयोग केला. कित्येक तासांनीही तो शिजलेला दिसेना, म्हणून नाद सोडला. मांस रात्रभर मंद होत जाणाऱ्या उष्णतेत तसेच राहिले आणि सकाळी पाहतात तो ते अत्यंत मऊ आणि चविष्ट झालेले. उकळबिंदूच्या बरीच खालची उष्णताही मांस शिजवते, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्यांच्या घरी वैल होता त्यांना यात नवल वाटले नसते.

पुढे १८४७ मध्ये जर्मन रसायनज्ञ लीबिग याने अन्नाच्या रसायनावर लिहिताना मांसातली प्रथिने कोणत्या अंशाला गोठतात, याचा विचार मांडला. त्यासोबत त्याने एक चुकीची समजूतही जगाला दिली: आरंभी कडक आच दिली की पृष्ठभाग बंद होतो आणि रस आत कोंडला जातो. १९३० च्या दशकातल्या प्रयोगांनी ती खोटी ठरवली, तरी आजही कित्येक आचारी ती मोठ्या विश्वासाने सांगतात. कडक आचेने रंग आणि स्वाद येतो. रस कोंडला जात नाही.

शरीराच्या आतले तापमान मोजण्याचा मान आधी माणसाला मिळाला. क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज वैद्याने १८६७ च्या सुमारास सहा इंची, पाच मिनिटांत आकडा देणारा ज्वरमापक प्रचारात आणला. मांसाच्या तुकड्याला आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले.

ही कोंडी फोडली ती अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागाने. इझाबेल बेव्हिअर या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या सहकारी एलिझाबेथ स्प्रेग आणि रसायनज्ञ ग्रिंडली यांनी १९०७ मध्ये गोमांस भाजण्याच्या अचूक पद्धतीवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तापमापक थेट मांसाच्या मध्यात बसवायचा, आणि कच्चट, मध्यम, पूर्ण भाजलेले या शब्दांचा अर्थ घड्याळावरून न ठरवता गाभ्याच्या तापमानावरून ठरवायचा, हा त्यातला मुद्दा. आज तो सहज सुचण्यासारखा वाटतो. पण तेव्हा विद्यापीठांत स्त्रियांना विज्ञानाची दारे जेमतेम किलकिली होती आणि ‘स्वयंपाक’ हा विषय प्रयोगशाळेत नेणे हाच आत शिरण्याचा एक मार्ग होता. चुलीपुढची बाई ‘मला कळते’ म्हणाली तर ते शास्त्र ठरत नसे. तेच आकड्यात मांडले की ठरे. त्यांनी आकडा मांडला.

त्यानंतर भट्टीलाही शिस्त लागली. इंग्लंडमध्ये १९२३ साली गॅसच्या चुलींना ‘रेग्युलो’ हा तापनियंत्रक बसू लागला. पण ओव्हनच्या चकतीवरचा १८० हा आकडा आतल्या हवेचा असतो, मांसाचा नव्हे. भाजताना पृष्ठभाग शंभराच्या पुढे गेलेला असतो आणि त्याच क्षणी मध्यभाग पन्नाशीतही नसू शकतो. पातेल्यातल्या पाण्यासारखी सर्वांना एका पातळीवर आणणारी गोष्ट इथे नाही. म्हणून सुई. झेबेकने १८२१ मध्ये दोन भिन्न धातूंच्या सांध्यावर आधारलेला जो परिणाम दाखवला, त्यावर आणि पुढच्या इलेक्ट्रॉनिक संवेदकांवर आजच्या सुया चालतात. पारा आणि काच मागे पडली.

मराठी घरांत ओव्हनसदृश भाजणी नव्हतीच असे नाही. मुंबईचे पाठारे प्रभू वर-खाली निखारे ठेवून भानोले भाजत आले आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे, म्हणजे इलिनॉयच्या त्या अभ्यासानंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेले. एकीकडे पाकज्ञान अंशांत लिहिले जात होते, दुसरीकडे ते प्रथमच एवढ्या विस्ताराने मराठी छापील पानावर येत होते.

बहुसंख्य घरांत मात्र उष्णतेचे यांत्रिक नियमन आले ते प्रेशर कुकरमधून. हॉकिन्सची सुरुवात १९५९ ची, मुंबईतली. कुकरची शिट्टी हाही एक प्रकारे तापमापकच. झाकणावरचे वजन दाब ठरवते, दाबामुळे पाण्याचा उकळबिंदू सुमारे १२० अंशांवर जाऊन स्थिरावतो, आणि गृहिणी फक्त वेळ मोजते, तीही शिट्ट्यांत. म्हणजे सावजींच्या पातेल्याचेच तत्त्व, वीस अंश वर नेलेले. इथेही सुईचे काम पडले नाही.

आता काम पडू लागले आहे. घरोघरी छोटे ओव्हन आले, अखंड रान किंवा सगळी कोंबडी भाजण्याची हौस आली आणि त्यासोबत परदेशी आकडेही आले. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून मेंढी, डुक्कर, गोमांस यांच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा, असा किमान दंडक ठेवला आहे. कोंबडीसाठी तो ७४ अंशांचा. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या खाणावळींसाठीच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थांच्या गाभ्याचे तापमान ६५ अंश १० मिनिटे, ७० अंश २ मिनिटे किंवा ७५ अंश १५ सेकंद असे दिलेले आहे. तीन जोड्या आणि परिणाम एकच, कारण जंतूंचा नाश तापमान आणि वेळ या दोहोंवर मिळून ठरतो. तासभर रटरटलेला रस्सा या तिन्ही अटी कधीच ओलांडून गेलेला असतो. कागदोपत्री मात्र तपासणीला आकडा लागतो आणि ‘हाड सुटले’ ही नोंद करायला त्या यादीत रकाना नाही.

परदेशी आकडा जसाच्या तसा उचलण्यात एक खाचही आहे. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकड. त्याच्या मांडीत कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर असते. ते साठ-पासष्ट अंशांच्या आसपास आकसते आणि मांस आवळते. सत्तरीच्या पुढे, तेही पुष्कळ वेळ दिल्यावर, त्याचे जिलेटिन होते. त्यामुळे ६३ अंशांवर बाहेर काढलेली बोकडाची रान खायला सुरक्षित असेल, पण दातांना दाद देणार नाही. ती सुईवर पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत न्यावी लागते, झाकून, मंद आचेवर, तासन् तास. कोंबडीच्या छातीचे उलट: तिथे चौऱ्याहत्तरच्या पुढचा प्रत्येक अंश मांस कोरडे करतो. सुई दोन्हीकडे खरेच बोलते, तिला विचारायचा प्रश्न निराळा असतो.

सुई खुपसायची ती सर्वांत जाड भागात, हाडाला किंवा तव्याला टोक न टेकवता, कारण टेकल्यास आकडा मांसाचा राहत नाही. मोठा तुकडा बाहेर काढल्यावरही पृष्ठभागाची उष्णता आत सरकत राहते आणि गाभा आणखी काही अंश चढतो, म्हणून जिथे मध्यम भाजणी हवी तिथे आकडा गाठण्याच्या थोडे आधीच ओव्हन बंद करतात.

आणि नवी सुई खरी की खोटी, हे पाहण्याची रीत जुनीच आहे. ती आधी बर्फाच्या पाण्यात धरायची. आकडा शून्यावर आला पाहिजे. मग आधण आलेल्या पातेल्यात, बुडाला न टेकवता. गांधीबागेत तिथे ९९ च्या आसपास आकडा दिसला तर सुई बरोबर आहे.